काठावरचा कापूस

मंगळ. १२ फेब्रु. ६३
१. रविवारी पहाटे वडनेरजवळ डिझेलचा टँकर उलटला.
२. उतार वच्छलाबाईंच्या मळ्याकडे. तेल पाटाने विहिरीत.
३. त्या विहिरीवर वांगी, मिरची. शिवाय वस्तीतल्या एकोणीस घरांचं पिण्याचं पाणी.
४. प्रयोगशाळेच्या साहेबांनी पाण्याचे नमुने आणायला मला पाठवलं.
ड्रायव्हर म्हणे, "दोन-तीन डबे गेले असतील." विहिरीचा व्यास दहा फूट, थर एक इंच. नुसत्या विहिरीतच दहा डबे. जमिनीत किती मुरलं, सांगता येत नाही.

बुध. १३
वरचं बादल्यांनी निघालं. पातळ तवंग निघेना. वच्छलाबाईंनी कवडी, म्हणजे टाकाऊ डागी कापूस आणला. "सरकीसकट टाका, बाई. हा पानी पेत नाई, तेल पेते." खरंच. कॉलेजात हे कुणी सांगितलं नव्हतं.
वस्तीत माझं नाव पडलंय. "शिशीवाली आली वं, पानी लपवा!"

शनि. १६
तवंग नाही, वास नाही. 'पिण्यास योग्य'. सही केली. एस.टी.त मलकापूरपर्यंत उभी.

मंगळ. १९
कंडक्टरहाती वच्छलाबाईंचा निरोप: पाण्याला पुन्हा वास. गेले. तवंग आहे. भिजलेल्या कापसाचा ढीग विहिरीच्या काठावरच. उन्हाने तेल गळून परत आत.
"गाळ काढला का काठावरच टाकतो न आमी, दरसाली. दूर टाका म्हून तुमी कुठी सांगतलं?"
नाही सांगितलं.
"तुमच्या कागदावर भरोसा ठेवून तीन दिवस पेलं पानी. सुनेनं बी. सातवा महिना हाय तिले."
ढीग गाडीत भरून पडीकात टाकला. काठाची माती मात्र तेल पिऊनच बसली आहे.

बुध. २०
साहेब: "सही झालेला दाखला फिरवत नसतात. तुमचंच नाव खराब होईल."
विहीर वापरू नका असं मी तोंडी सांगून आले आहे. पण लेखी हुकमाशिवाय पाण्याची गाडी मिळत नाही. बाया दीड मैलावरून पाणी आणतात. सूनही जाते.

गुरु. २१
आज साहेबांना दिलेल्या अर्जाची नक्कल:
माझा दि. १६ चा दाखला चुकीचा आहे, तो मी मागे घेते. काढलेला कापूस कुठे टाकला हे मी पाहिले नाही, ही चूक माझी. विहीर बंद ठेवण्याचा हुकूम काढावा व वस्तीला पाण्याची गाडी द्यावी. शनिवार, दि. २३ पर्यंत लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.