गालिच्याचा राखीव विभाग

८ जानेवारी

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

पत्र लिहायला बसलो तेव्हा खिडकीतून ऊन आत आलं होतं, म्हणून आधी उठून पडदा ओढला. ऊन माणसाला चांगलं, गालिच्याला नाही. आता दिवसाढवळ्या दिवा लावून लिहितो आहे.

मार्चचा पहिला रविवार जवळ आला. आई गेल्यापासून आपण तिचा शब्द पाळत आलो. गालिचा एक वर्ष माझ्याकडे, एक वर्ष तुझ्याकडे, आणि त्या रविवारी त्याचा घरबदल. या खेपेस मात्र एक विचार मांडतो, तो शांतपणे वाच. गालिचा आता कायमचा माझ्याकडे राहू दे. मागच्या वेळी तुझ्याकडून आला तेव्हा त्याच्या झालरीत पेन्सिलीचं टोक, चॉकलेटचा कागद आणि कुणाचा तरी दुधाचा दात सापडला. काठाजवळ निळ्या शाईचा डाग आहे, तो तुझ्या थोरल्या नातवाच्या साहित्यसेवेचा. मी तक्रार करत नाही, नुसतं कानावर घालतो.

इथे त्याची बडदास्त कशी आहे ते ऐक. आयुष्यभर कचेरीत जमिनींचे नकाशे काढले, तसा गालिच्याचाही एक काढून दारामागे लावला आहे. दारापासून खुर्चीपर्यंत चालण्याची वाट. तिच्या पलीकडचा सगळा 'राखीव विभाग'. तिथे कुणाचा पाय पडू नये म्हणून पुस्तकांचं कपाट आणि दिवाण त्यावर सरकवले, उरलेल्या भागावर ब्लँकेट आणि त्यावर प्लास्टिक. तो भाग आईने पाहिला तसाच्या तसा राहील.

बाबा आपल्याला मधल्या लाल फुलावर उभं करून शाळेच्या कविता म्हणायला लावायचे, आठवतं? कडवं विसरलं की काठावर जाऊन बसायचं. माझं निम्मं बालपण काठावर गेलं. तरी अजून वाटतं, त्या सगळ्या कविता त्या लोकरीत मुरल्या असतील. कुणी त्या झटकून टाकू नयेत, एवढंच मागणं.

लोभ आहेच, तो जपून वापरावा.

तुझा,
दादा

१७ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वाचून वाटलं, गालिचा फार आजारी आहे आणि तू त्याला अतिदक्षता विभागात ठेवलं आहेस. माझी सगळी नोकरी मेट्रन म्हणून इस्पितळात गेली. आमच्या अतिदक्षता विभागातसुद्धा नातेवाइकांना सोडायचे रे.

तुझे शेजारी पोस्टमास्तर मागच्या आठवड्यात इकडे लग्नाला आले होते. तब्येत विचारली तर म्हणाले, तब्येत ठीक आहे पण बुद्धिबळ सुटलं. तुझ्याकडे आलं की म्हणे नकाशाप्रमाणे एका रेषेत, पाय आखडून चालावं लागतं. पटावरचा घोडासुद्धा याहून मोकळा फिरतो, असं त्यांचं म्हणणं. मी हसले, पण नंतर बराच वेळ ते डोक्यातून गेलं नाही.

आता माझी गरज ऐक. आमची छकुली भिंतीला धरून उभी राहायला लागली आहे. फरशी गार आणि कडक. काल तोंडावर आपटली, ओठ फुटला, आणि सूनबाई रात्रभर तिला खांद्यावर घेऊन बसली. आपल्या घरातलं एकूण एक मूल त्या गालिच्यावर पहिलं पाऊल टाकून मोठं झालं. तूसुद्धा, जरी आता बघून पटत नसलं तरी. पुढच्या वर्षी ती धावेल, तेव्हा गालिचा मिळून मला काय उपयोग? मार्चमध्येच हवा.

गालिचा टिकवायचा असेल तर नकाशा फाड आणि कपाट हलव. अधूनमधून त्याची तोंडं फिरव, म्हणजे सगळीकडे सारखा झिजेल. उलटा करून पाठीकडूनही व्हॅक्यूम क्लीनर फिरव, सावलीत वारा लागू दे. जिथे हवा जात नाही आणि झाडू जात नाही, तिथे दुसरं काहीतरी जातं. हे मी इस्पितळातल्या गाद्यांवरून सांगते आहे, कवितेतून नाही.

लोभ गुंडाळून माळ्यावर टाकला नसशील अशी आशा.

तुझी,
खारू

२ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

छकुलीचा ओठ बरा झाला असेल. तिच्यासाठी एक जाड सतरंजी पाठवतो. तिच्यावर तिने खुशाल पडावं, सांडावं, आणि या वयात जे जे करतात ते करावं. मला त्या 'जे जे'चीच धास्ती आहे. लोकरीवर काही सांडलं तर कोरड्या कापडाने टिपायचं असतं, घासायचं नसतं. घासलं की डाग मुळापर्यंत जातो. हे मी तुला आजवर कितीदा सांगितलं आणि तू कितीदा घासलंस, त्याचा साक्षीदार तो शाईचा डाग आहे.

पोस्टमास्तरांचं बोलणं मनाला लागलं. त्यांच्या बुटांचे तळवे एकदा उलटे करून बघ म्हणजे माझी बाजू कळेल. बाकी एकांत मला नवा नाही. संध्याकाळी खुर्चीत बसलं की शाळेतला तो लांबडा वर्ग दिसतो, बाकांवरची शाई, आणि सगळ्यांचा मिळून निघणारा एकच सूर. अशा वेळी कुणी येऊन घोडा आणि उंट केला नाही तर बिघडत नाही.

तरी वाद नको. मी न्यायाचं बोलतो. मार्चच्या त्या रविवारी तू ये. कपाट, दिवाण हलवून संपूर्ण गालिचा उघडा करू आणि दोघांनी मिळून तपासू. ज्याच्या घरी त्याचे जास्त हाल झाले, त्याने हक्क सोडायचा. पोस्टमास्तर पंच. माझा राखीव विभाग पाहून तुझे डोळे दिपतील, तेव्हा चष्मा पुसून आण.

लोभ वाढवावा, पण न्यायाच्या आड आणू नये.

तुझा,
दादा

९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मान्य. मुलगा टेम्पो घेऊन येतो आहे. मी चष्मा, भिंग आणि तोंड तिन्ही घेऊन येते. सतरंजी पोचली. छकुलीने ती अंगावर ओढून घेतली आणि झोपली, म्हणजे तुझ्याइतकीच तिलाही वस्तूंचा उपयोग कळतो.

एक विचारते. तुझ्या त्या घरात शेवटचं कोण येऊन बसलं होतं? उत्तर नको, आठवून बघ.

लोभ आहे, टेम्पोत जागाही आहे.

तुझी,
खारू

१९ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

हवा एकदम बदलली आहे. सकाळी धुकं असतं, झाडांची पानं गळताहेत आणि एक पक्षी सारखा ओरडतो, त्याचं नाव मला ठाऊक नाही. अशा दिवसांत प्रवास करू नये. माझा गुडघाही धरला आहे. काल पोस्टमास्तर कपाट सरकवायला म्हणून आले होते, ते चहा न घेताच गेले.

माझ्या मनात येतं, छकुलीला नवा गालिचा घ्यावा. नव्याची लव मऊ असते. जुन्या गोष्टींचा मोह किती धरायचा? तेव्हा त्या रविवारी येऊ नकोस. पुढचं पुढे बघू.

बाकी ठीक.

दादा

२४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

लहानपणी फुलदाणी फोडलीस तेव्हाही तू बाबांना संध्याकाळच्या आकाशाचं वर्णन सांगत बसला होतास. तू हवेवर चार ओळी लिहिल्यास आणि मला जुन्याचा मोह धरू नये म्हणून सांगितलंस! ठरल्याप्रमाणे येते आहे. गुडघ्याला पट्टा आणते. कपाटाला हात लावू नकोस, आम्ही हलवू.

खारू

९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. टेम्पोत येताना आणि जाताना मी दोन वेगवेगळ्या बायका होते. येताना तुला ऐकवायची वाक्यं घोकत होते, एकाहून एक झणझणीत. त्यातलं एकही वापरता आलं नाही, ही माझी आयुष्यातली मोठी हानी समज.

कपाट उचललं आणि लोकर हातात आली, पिंजलेल्या कापसासारखी. खाली नुसता ताणा उरलेला, आणि त्यात कसर आपली पोरंबाळं घेऊन नांदत होती. दिवाणाखाली तेच, ब्लँकेटखालीही तेच. मुलगा काही बोलायला गेला तेव्हा मी त्याच्या पायावर पाय दिला. तू खिडकीशी पाठमोरा उभा होतास. पडदा उघडा होता, ऊन थेट गालिच्यावर येत होतं, आणि तुला त्याचं भान नव्हतं. त्यावरून मला कळलं किती लागलं आहे ते.

पण तू वळून बघितलं नाहीस म्हणून लिहिते. तुझी चालण्याची वाट शाबूत आहे. थोरल्याचा शाईचा डाग तर निर्लज्जपणे लखलखतो आहे. आणि मधलं लाल फूल. ते तुझ्या नकाशात पुरतं राखीव विभागात, तरी एक धागा तुटलेला नाही. त्याच्यावरचं ब्लँकेट आणि प्लास्टिक दुमडलेलं होतं आणि लवेत दोन पावलांचे खळगे होते. मी विचारलं तर तू पडद्याला उत्तर दिलंस. मग पोस्टमास्तरांनी सांगितलं की रोज सकाळी भिंतीपलीकडून कविता ऐकू येतात, आणि ते इतके दिवस रेडिओ समजत होते.

इथल्या रफूवाल्याने कसरीने खाल्लेला भाग कापला, उरलेला औषध मारून, झटकून, कड शिवून दिला. गालिचा निम्मा झाला आहे. हक्काचं मी काही बोलणार नाही. पंच काय म्हणाले ते तू ऐकलंच आहेस.

लोभ शिल्लक आहे, त्याला कसर लागलेली नाही.

तुझी,
खारू

१८ मार्च

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

पंचांचा निकाल मान्य. मी जो भाग कुणाला तुडवू दिला नाही तो गेला, आणि तुझ्या वानरसेनेने नाचून नाचून जो हैराण केला तो राहिला. मी पाहुण्यांना नियम लावले, कसरीला मात्र जागा, अंधार आणि शांतता दिली, वर पांघरूणही घातलं. इतकी सोय मी कुणाचीच केली नव्हती.

नकाशा दारामागून काढून टाकला. त्याच्या पाठीवर आता पोस्टमास्तर डाव मांडतात तेव्हा कोण हरलं ते लिहितात, म्हणजे माझंच नाव लिहितात. ते बूट घालून थेट खुर्चीपर्यंत येतात. फरशीवर त्यांचा आवाज फार होतो. पहिल्या दिवशी दचकलो, आता आवाज आला नाही तर दाराकडे बघतो.

सकाळी कविता म्हणायला उभा राहतो, पण कुठे उभं राहायचं ते कळत नाही. खोली सगळीकडे सारखीच झाली आहे.

गालिचा आता तिकडेच राहावा, हे रास्त. अदलाबदल संपली. फक्त एक विचारायचं होतं. आपण दोघं भेटायचो ते त्याच एका रविवारी, गालिच्याच्या निमित्ताने. आता त्या रविवारचं काय करायचं ते सवडीने कळव.

लोभ असेल तर असू दे, मी आता त्याला नियम लावणार नाही.

तुझा,
दादा

२७ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. काल संध्याकाळी छकुली भिंत सोडून गालिच्यावर आली. बरोबर लाल फुलावर उभी राहिली, आमच्याकडे बघून हसली, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, मग थांबली आणि तुला ज्याची धास्ती होती ते 'जे जे' केलं. फुलाच्या ऐन मध्यावर. सूनबाई रडकुंडीला आली की मामा काय म्हणतील. मी हातात ब्रश घेतला आणि थांबले. तुला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणून टॉवेल टाकून ठेवला आहे.

त्या रविवारचं विचारतोस. वर्षात रविवार काय एकच असतो? तुझा गालिचा वर्षभर बिचारा एका जागी पडून राहणार. त्याची तोंडं फिरवायला, झटकायला माणूस लागेल. आमच्याकडे सगळ्यांच्या कंबरा दुखतात.

लोभ घेऊन यावा, नुसता लिहू नये.

तुझी,
खारू

३१ मार्च

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

टिप. घासू नकोस. टॉवेल एव्हाना बदलला असशील, नसशील तर बदल.

सूनबाईला सांग, मामा काही म्हणणार नाहीत. त्या फुलावर उभं राहून मी बाबांपुढे दुसऱ्या कडव्याच्या पुढे कधी गेलो नाही. पोरीने निदान दोन पावलं टाकली.

या रविवारी सकाळच्या गाडीने येतो. पोस्टमास्तरांना दिवसभराची सुट्टी दिली आहे. तोवर फूल वाळेल. छकुलीला काठावर बसव, मी फुलावर उभा राहून एक कविता म्हणेन. विसरलो तर तिच्याशेजारी जाऊन बसेन. गालिचा लहान झाल्यापासून काठ काही फार लांब राहिलेला नाही.

लोभ तिथेच ठेव, मी येऊन घेतो.

तुझा,
दादा