मीटरचे दिवे आणि वाटेतला बोगदा

३ नोव्हेंबर, सोमवार

मीटरचे दिवे लागत नाहीत! वेग, पेट्रोल, तापमान, बॅटरी, चारही तबकड्या काळ्या ठिक्कर. एकोणतीस वर्षांची गाडी, पण हे असं कधी झालं नव्हतं.

हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पुढचे हेडलाइट लागतात ना?"

लागतात म्हटलं.

"मग? तुम्ही मीटरकडे बघून गाडी चालवता की रस्त्याकडे?"

बायकांना यंत्रातलं काय कळतं!

४ नोव्हेंबर

नेमकी आताच ही अडचण यायची होती. हिची थोरली बहीण, ताई, येत्या बावीसला शनिवारी परदेशात मुलाकडे चालली आहे. कायमची. वय एकोणऐंशी. आता परत कसली येते! आई लवकर गेली, हिला ताईनेच वाढवलं. वेण्या घालण्यापासून लग्नात पाठवणी करण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. त्यामुळे ताई निघेपर्यंत तिच्याकडेच राहायचं, तिची बांधाबांध करून द्यायची, असं हिने महिनाभर घोकलंय. ताईचं गाव एकशे चाळीस किलोमीटर. मीच म्हणालो होतो, आपल्या गाडीने नेतो. आठ तारखेला निघायचं ठरलं होतं.

शब्द दिलाय म्हणजे दिलाय. पण गाडी आधी धड पाहिजे की नको?

आज कपडे धुताना ही जरा गप्प गप्प होती. गुडघा दुखत असेल.

६ नोव्हेंबर

ही म्हणाली, "दिवसा निघू. उजेडात काटे दिसतात की."

मी म्हटलं, वाटेत बोगदा आहे.

"बोगदा दोन मिनिटांचा आहे, अहो."

दोन मिनिटांत वेग किती, इंजिन तापलं किती, कुणाला कळणार? अपघात काय मुहूर्त बघून होतात? बोगदा म्हणजे बोगदा. ही माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं." एवढंच.

हे 'बरं' मला चाळीस वर्षांत उमगलेलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

निघालो नाही, हे उघडच आहे.

गॅरेजमध्ये टाका, असा हिचा धोशा. मी साफ नाही म्हटलं. गॅरेजवाले! दिव्याला नेलं तर इंजिन खाली उतरवतील. मी वजनमापे खात्यात तेहतीस वर्षं काढली. बाजारात मला 'काटेसाहेब' म्हणायचे. मी शिरलो की तराजू आपोआप सरळ व्हायचे. ज्याने हजारो काटे तपासले, त्याला चार काटे जड आहेत का? स्वतःच करणार. आठवडाभरात.

ताईचा फोन आला होता. आत जाऊन ही बराच वेळ बोलली. बाहेर आल्यावर म्हणाली, "ताईने माझ्यासाठी दुलई काढून ठेवलीय. थंडी आहे म्हणे तिकडे."

९ नोव्हेंबर

मीटरचा डबा काढला! स्टिअरिंगवरचं झाकण, चार स्क्रू, मागून वेगाची केबल आणि वायरींचा जुडगा. अडीच तास. एक स्क्रू सीटखाली गेला, तो गेलाच. बोट कापलं. डॅशबोर्डला आता दात पडल्यासारखं भोक दिसतंय.

डबा जेवणाच्या टेबलावर ठेवला आहे. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. हिने कुरकुर केली नाही. उलट विचारलं, "किती दिवस लागतील?"

काम आहे, जादू नाही, म्हटलं.

११ नोव्हेंबर

तबकडीमागची पांढरी पट्टी पिवळी पडली होती. उजेड अडणार नाही तर काय! ती पुसायची तर तबकडी काढायला हवी, आणि तबकडी काढायची तर काटे. दोन चहाचे चमचे घेतले, काट्याच्या दोन्ही बाजूंनी अलगद घातले आणि उचलला. टच्च! असा निघाला की वा! चारही काढले. हात अजून शाबूत आहेत.

संध्याकाळी समोरचा घड्याळजी आला. दुकान बंद करून रोज चहाला येतो. एका डोळ्याला भिंग लावून लावून त्याची एक भुवई कायमची वर गेली आहे, त्यामुळे तो काहीही न बोलता कुचेष्टा करतो. टेबलावरचे चार काटे बघितले आणि म्हणाला, "साहेब, खुणा केल्यात ना?"

कसल्या खुणा?

"काटा काढायच्या आधी कुठे होता त्याची खूण करायची असते. आत स्प्रिंग असते. आता तो आपल्या मनानं फिरणार."

मग पुढे वाकून डबा उलटा केला. "आणि बल्ब तर मागून निघतात. हे बघा. नुसता पीळ द्यायचा. काटे काढलेत कशाला?"

मी म्हटलं, पट्टी पुसायला.

"फ्यूज बघितलात?"

मला फ्यूज शिकवतो! दिवसभर दुसऱ्यांची मनगटं बघणारा माणूस. मी विषय बदलला. ही चहा घेऊन आली होती, कपबशी खाली ठेवताना जरा जास्तच आवाज झाला.

१२ नोव्हेंबर

आता दिवसाउजेडीसुद्धा काही दिसणार नाही, कारण काटेच नाहीत. जाण्याचा प्रश्नच मिटला. म्हणजे तूर्त.

ही म्हणाली, मी बसने जाते. मी नाही म्हटलं. दोन ठिकाणी बस बदलायची, हा गुडघा, त्या पायऱ्या! नवरा घरात, गाडी दारात, आणि बायको फलाटावर उभी? लोक काय म्हणतील?

"गाडी दारात आहे, पण तिचं तोंड टेबलावर आहे," ही म्हणाली.

हसू आलं, पण दाबलं.

१४ नोव्हेंबर

काटे बसवले. चारही शून्यावर. शून्य म्हणजे शून्य, त्यात खूण कसली आलीय!

आठ दिवस राहिले.

१५ नोव्हेंबर

आज सगळा दिवस बल्बांत गेला. बल्ब करंगळीच्या नखाएवढा. त्यावर हिरवी रबरी टोपी असते, म्हणून उजेड हिरवा पडतो. मूळच्या टोप्यांचा चुरा झाला होता. तीन दुकानं पालथी घातली. एका पोराने मला, "आजोबा, अख्खा डिजिटल बसवा की," असं सुचवलं. त्याला म्हटलं, तुझ्या आजोबांना सांग. शेवटी एका भंगारवाल्याकडे तशाच गाडीचा मोडका डबा मिळाला. टोप्या शाबूत! इतका आनंद मला बढतीच्या वेळीसुद्धा झाला नव्हता.

खरंच सांगतो, हे काम मला आवडायला लागलंय. सकाळी उठल्यावर आधी डब्याकडे बघतो. टेबलापाशी बसलो की छातीत धडधड होत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

लागले!!

घड्याळजीने त्याच्याकडची बॅटरी आणली, दोन वायरी जोडल्या आणि चारही तबकड्या हिरव्यागार! आकडे असे उठून आले की जणू गाडी काल कारखान्यातून निघाली. संध्याकाळ झाली होती, मी खोलीतला दिवा मालवला. हिला हाक मारली. ही आली, पदराला हात पुसत उभी राहिली. हिरवा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता.

"छान दिसतंय," म्हणाली. अगदी मनापासून. मग म्हणाली, "आता जाऊ या ना आपण?"

घड्याळजी छताकडे बघत होता.

मी म्हटलं, आधी गाडीत बसवू तर दे.

१७ नोव्हेंबर

डबा गाडीत बसवला. दिवे लागत नाहीत. टेबलावर लागतात, गाडीत लागत नाहीत! आता बोला! वायरिंगमध्ये काहीतरी असणार. जुन्या गाडीचं वायरिंग म्हणजे सुगरणीचा खोपा, हात कुठे घालणार! सगळं उकलायला पंधरा दिवस तरी लागतील.

हिला तसं सांगितलं. "पंधरा दिवस," हिने पुन्हा म्हणून दाखवलं. ताई पाच दिवसांनी जाणार. मलाही कॅलेंडर वाचता येतं. पण मी काय करू? दिवे माझ्या हातात आहेत का?

१८ नोव्हेंबर

ताईने आज फोन माझ्याकडे द्यायला सांगितला. "तिला घेऊन या हो. मी काही मागत नाही कधी."

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

१९ नोव्हेंबर

हद्द झाली! मला न विचारता हिने वायरमन बोलावला. सकाळी नऊला दारात हजर, खांद्याला पिशवी, तोंडात शिट्टी. मी म्हटलं, गरज नाही. ही म्हणाली, "बघू तर द्या त्याला." असा आवाज मी हिचा ऐकलाच नव्हता.

गडी स्टिअरिंगखाली आडवा झाला आणि मी चष्मा लावेपर्यंत बाहेरही आला.

"काका, फ्यूजच नाही."

जळलाय?

"जळलेला असता तर दिसला असता. जागा रिकामी आहे. कुणीतरी उपटून काढलाय."

मी म्हटलं, कमाल आहे! कोण काढणार? उंदीर? वायरमन म्हणाला, उंदीर वायर कुरतडतो, फ्यूज पळवत नाही. ही दारात उभी होती.

त्याने पिशवीतला नवा फ्यूज खोचला. लागले दिवे. मग तो कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारून आला, गाडी उभी केली आणि पोट धरून हसायला लागला. इंजिन बंद, चाकं थांबलेली, आणि वेगाचा काटा तीसवर!

"काका, तुमची गाडी अंगणात तीसने पळतेय."

गल्लीतली दोन माणसं थांबून बघायला लागली. घड्याळजी दुकानाच्या पायरीवर आला. ती भुवई!

२० नोव्हेंबर, गुरुवार

काट्यात दोष असताना गाडी रस्त्यावर काढणं मला तत्त्वतः मान्य नाही. मी हिला शांतपणे समजावलं. तेहतीस वर्षं मी दुसऱ्यांना जे करू दिलं नाही, ते स्वतः कसं करू? उभी गाडी तीस दाखवते, म्हणजे साठला चालवली की नव्वद दाखवणार.

"मग तीस वजा करा," ही म्हणाली.

असं वजा करून चालत नाही. माप एक तर बरोबर असतं, नाही तर खोटं असतं. मी बरंच बोललो. मुद्देसूद बोललो. स्प्रिंग, काटा, कायदा, जबाबदारी, सगळं सांगितलं. बोगद्याचंही पुन्हा सांगितलं.

ही पूर्ण ऐकून घेऊन उठली आणि कपाटातून बॅग काढून आतल्या खोलीत गेली. वाद घातला नाही. पटलं असावं. दिवाळं निघालं तरी चालेल पण माप चोख पाहिजे, हे तिला एवढ्या वर्षांनी का होईना, कळलं म्हणायचं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ही सकाळी सातला भाड्याच्या गाडीने ताईकडे गेली. निघताना टेबलावर फ्यूज ठेवला. जुना, आमचा.

"तुमच्या पँटच्या खिशात होता. चार तारखेला धुवायला टाकलीत तेव्हाच सापडला." मग म्हणाली, "गेल्या महिन्यात मोठ्या रस्त्यावर तो ट्रक घासून गेला, तेव्हा मी बाजूलाच बसले होते. तुमचे हात कसे कापत होते ते मला दिसलं नाही का? म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. भीती वाटते एवढं म्हणाला असतात, तर दोघं बसने गेलो असतो. ताईकडे पंधरा दिवस राहता आलं असतं मला."

फ्यूज मीच काढला. दोन तारखेला. ही वही कोणी वाचत नाही, तरी इथेसुद्धा लिहायची छाती झाली नाही. मला गाडी चालवायची भीती वाटते. फार भीती वाटते.

साडेनवाला बस आहे. दोनदा बदलावी लागते. दुपारी तीनपर्यंत पोचेन. ताई भेटेल. ही बोलेल की नाही, माहीत नाही.