शेकलेले ड्रम

विचुंबे, ता. पनवेल
१६ डिसेंबर १९९१

प्रिय प्रमिलाताई,

नमस्कार. भाऊजींची बोट करंजाला सुखरूप लागली असेल, पोरं मजेत असतील. इकडे आई ठीक आहे. बाबांचं मला विचारू नकोस.

‘बाबांशी अबोला धरू नकोस’ असं तू लिहिलंस. तुला काय जातं लिहायला! पनवेलच्या कॉलेजातला माझा बँड परीक्षांपायी बुडाला. वाशीच्या बँडचा गायक दुबईला गेला. तिसरा हा वांद्र्याचा. इथे ड्रमरची जागा मिळवताना माझी बोटं सोलून निघाली होती. सात तारखेच्या शनिवारी आमचा पहिला मोठा कार्यक्रम. सकाळी आंघोळ करून अंगणात येतो तर काय, बाबांनी पेंढा पेटवलाय आणि माझे ड्रम त्यावर धरलेत! लग्नात स्वतःचा ढोल शेकतात तसे. अगं, ढोलाला कातडं असतं, ड्रमला प्लास्टिक! ड्रमच्या तोंडावरची सगळी पानं पापडासारखी आक्रसली.

वर मलाच म्हणतात, “थंडीनं सैल झाली व्हती रं. तुजा आवाज बसला असता.”

इतकी वर्षं ‘ह्यो काय बाजा हाय?’ म्हणून नाक मुरडलं, आणि माया नेमकी त्याच दिवशी उतू आली!

आता मी त्या बँडमध्ये नाही. पण ते ड्रममुळे नव्हे. ड्रम मी कार्यक्रमातल्याच दुसऱ्या बँडकडून मागून घेतले होते. वाजवायला बसलो, तर आमचा गिटारवाला लेस्टर माइकवरून म्हणाला, “याच्या गावठी बापाने ड्रम भाजून खाल्ले.” अख्खा हॉल हसला. मी काठ्या त्याच्या पायाशी फेकल्या आणि खाली उतरलो. गावठी म्हणे! त्याच्या बापाने कधी त्याच्या गिटारची तार तरी पुसली होती का?

घरी आलो तर बाबा दारातच. “बरा वाजला का रं?”

“वाजला,” म्हणालो. तेव्हापासून बोललेलो नाही. बोललो तर बाकीचंही तोंडातून निघेल.

काल त्यांनी मोठ्या ड्रमवर बकऱ्याचं कातडं मढवलं. माझ्या वाजवण्यात ते अजिबात चालणार नाही. उन्हात वाळत ठेवलंय आणि कावळे हाकत स्वतः शेजारी बसलेत. माझा राग जराही उतरलेला नाही, सांगून ठेवतो. फक्त लेस्टरचं त्यांच्या कानावर कधी जाऊ देऊ नकोस.

तुझा भाऊ,
जगन ढोलवाल्याचा मुलगा,
सुदाम