साचा सोडत नाही

सोमवार, ३ नोव्हेंबर
शिरढोणजवळच्या शेडमध्ये आज रुजू झाले. इथे फायबरच्या होड्या बनतात. निवृत्तीनंतर कामोठ्यात बसून सोसायटीची भांडणं ऐकण्यापेक्षा हे बरं. केमिस्ट्रीची पदवी इतक्या वर्षांनी पुन्हा कामाला येईल. मालक दादूशेठ यांनी तपासणीचं काम दिलं आणि चहाही चांगला पाजला. पद्धत सोपी आहे. साच्याला मेण घासायचं, त्यावर काचतंतूंची मॅट, तिच्यावर रेझिन, मग रोलर. कडक झालं की होडी साच्यातून सुटते. कुठे मेण लावायचं राहून गेलं, तर तिथे कायमची चिकटते.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
मुख्य कारागीर मालू. होडी काढताना साच्यावर थापा मारत ती म्हणते, ये गो बाय, भायेर ये. होडी येते, माणसं टाळ्या पिटतात. मी रेझिन कडक करणाऱ्या हार्डनरचं प्रमाण दुरुस्त केलं, तेव्हा कोणी मान वर केली नाही. दादूशेठ मलाच विचारतात, मालूला दाखवलंत का? आज ती सगळ्यांसमोर म्हणाली, म्याडम, एवढा जाड चष्मा, तरी हवेचा फोड दिसला नाय? सगळे हसले. मीही हसले.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
जेवणाच्या सुट्टीत मालूच्या साच्यावरचं मेण पुसलं. तळहाताएवढी जागा. तिचं एकदा तरी चुकावं, इतकंच.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
मालूची होडी साच्यातून सुटेना. पाचरी ठोकल्या, तशी तडकली. दादूशेठनी मालूला घरी पाठवलं. जाताना ती म्हणाली, मी मेन लावलं होतं; ज्यानं पुसलं, त्याला साचा सोडनार नाय. अडाणीपणा. तिची जागा मला मिळाली.

शनिवार
चहाचा कप हातातून सुटेना. ओढला, तेव्हा कातडी घेऊन निघाला. रेझिन लागलं असेल.

सोमवार, १७ नोव्हेंबर
साच्यावर डावा हात टेकवला. निघत नाही. अ‍ॅसिटोन, गरम पाणी, पाचर — नाही. कामगार म्हणतात, मालूला बोलवा. इथेही मालूच!

दुपार
ती आली. म्हणाली, म्याडम, कोनी पुसलं तेवढं बोला, सुटाल. मी म्हटलं, मला काय ठाऊक. मनगट आत गेलं.

नंतर
सांगायचं ठरवलं. ओठ उघडत नाहीत. कोपर — आत —
मालू म्हणते, लिहा. एका हाताने वही धरून, दुसरा साच्यावर ठेवून उभी आहे. सगळे तिच्याकडेच बघतात. अजूनही तिच्याकडेच —
लिहीन. पण आधी तिने साच्यावरचा तो हात काढावा. साचा माझा आहे. माझ्या साच्याला तिने —