हरभऱ्यातल्या झेंड्या

११ फेब्रु. ७४. उमरेडच्या पुढे, टेकडीखालचा तंबू
आजही पँट सुतळीनं बांधली. पट्ट्याचं बक्कल, किल्ल्या, घड्याळ, खिळेवाले बूट, सगळं सकाळीच डालड्याच्या डब्यात. अंगावर लोखंड-पितळ असलं की मशीन आपल्यावरच भुंकते. मग रबरी चपला, कानाला हेडफोन, अन् मशीनच्या दांड्याची थाळी जमिनीवरून झुलवत दिवसभर चालणं. आवाज चढला की लाल झेंडी रोवायची. झेंड्यांच्या रेघेखाली सोन्याची पट्टी आहे, असं नामदेवकाका म्हणतात. खाणीला पैसा लावणारे शेठजी मानतात. काका फौजेत सुरुंग शोधायचे. मशीनही फौजेचीच, काकांनी स्वतः कामठीला लिलावात घेतलेली. मी त्यांचा असिस्टंट. बी.एस्सी. (अर्धवट).
खांदा उचलत नाही. उद्या पुन्हा तेच.

१३ फेब्रु.
सुमनचं पत्र नाही. येणार कुठून, इथला पत्ता मीच कळवलेला नाही. तरी वाट पाहतो.
बाबांचाही निरोप नाही. नागपुरात रामदासपेठेतल्या ऑफिसात कोणी विचारलं तर म्हणत असतील, पोरगा शिकून राहिला. कॉलेजात ज्या पोट्ट्याची कॉलर धरली, तो आरामात परीक्षेला बसेल. सु.बद्दल तो काय बोलला ते इथेही लिहिणार नाही. माफी माग, नाहीतर नाव काढतो, प्रिन्सिपल म्हणाले. नाही मागितली. आजही मागणार नाही. पण आज निदान विचार तरी...
जाऊ दे.

१६ फेब्रु.
आज जिथे वाकलो तिथे मशीन ओरडली. काकांनी तीन जागी खणायला लावलं. माती. मग त्यांनी थाळी सरळ माझ्या छातीशी आणली. कुईंऽऽ.
"काय लपवून राहिला बे?"
खिशातून सु.ची केसातली पिन निघाली. काकांनी ती चिमटीत धरून उन्हात पाहिली. "हे कुण्या खदानीतलं?"
"बेसा गावचं."
"कोणाची पोरगी?"
सांगितलं. काका खालीच बसले हसत. सु.चे वडील नानाजी अन् काका एकाच आखाड्यातले. "त्यानं मले दोनदा पाडलं. मी त्याले एकदा. पण मायं ऐकते तो." मग, "पट्टी लागू दे गा. शेठजी मले कायम ठेवन, मी तुले ठेवतो. मंग बेसाले जाऊन तुया लग्नाची गोष्ट काढतो. रिकाम्या हातानं कसा जाऊ?"
पिन डब्यात गेली. काका वर म्हणाले, "नानाजीले सांगीन, पोरगा डोक्यानं गरम हाय, पण पँट सुतळीनं बांधते. साधा हाय."
खूप दिवसांनी हसलो.

१९ फेब्रु.
झेंड्या टेकडीवरून उतरत गंगाबाईच्या हरभऱ्यात गेल्या. म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी.
"माया वावरात झेंड्या काहून गाडून राहिले गा? इलेक्शन हाय का?"
काका म्हणाले, "मावशी, तुया हरभऱ्याखाली सोनं हाय."
"असू दे. वरचा तं काढू दे."
शिव्या देता देताच तिनं दोघांना ओंजळभर हिरवे दाणे दिले.
शेठजींचा माणूस सांगून गेला, २५ला शेठजी स्वतः येतात. आवाज पक्का असला तर झेंड्यांच्या रेघेनं सुरुंग लावणार. हरभरा निघो न निघो.

२१ फेब्रु.
काय लिहू.
शेठजींनी नमुन्याचा एक दगड दिलेला. पांढरी गारगोटी, तीत सोन्याचे कण, डोळ्यांना दिसतात. काका मारुतीच्या फोटोजवळ ठेवून तिला रोज उदबत्ती लावतात. आज ते उमरेडला सेल आणायला गेले. उन्हानं डोकं पिसाळलेलं. गारगोटी उचलली, थाळीखाली ठेवली. घे, बोल आता.
काही नाही.
सेल उतरले असतील. झेंडीजवळचा एक काळा दगड ठेवला. मशीन किंचाळली. पुन्हा गारगोटी. गप्प. डब्यातून पिन काढून ठेवली. किंचाळली. पुन्हा गारगोटी.
गप्प.
एवढे बारीक कण तिला कळतच नाहीत. आमच्या सगळ्या झेंड्या लोखंडी दगडांवर आहेत. सगळ्या.

२२ फेब्रु.
काकांना दाखवलं. आधी चिडले, देवाजवळचा दगड उचलला म्हणून. मग हेडफोन लावून बसले. गारगोटी, काळा दगड, गारगोटी. बराच वेळ.
"गरम झाली असन मशीन."
"काका."
"कायम लागलो म्हणून सुनेले सांगून आलो ना मी."
जेवताना माझ्याकडे न पाहता बोलले. "शेठजी जाईस्तोवर तोंड उघडू नको. तुले पोरगी पायजे का नाई?"
पायजे.

२४ फेब्रु.
दिवसभर थाळी झुलवली. आवाज आला, झेंडी रोवली नाही. काकांनी येऊन मुकाट्यानं रोवली. गंगाबाई एकटी हरभरा उपटून राहिली. अर्धाही झाला नाही.
उद्या "पक्का" म्हणायचं. एक शब्द. थकलो आहे, म्हणून टाकीन.

२५ फेब्रु.
जीप आली. शेठजी उभ्या हरभऱ्यातून शेवटच्या झेंडीपर्यंत. हेडफोन त्यांनी माझ्याच कानावर चढवला. "तुम कॉलेजवाले हो. बोलो, पक्का है?"
काका माझ्याकडे पाहत होते. शब्द जिभेवर होता, खरंच होता. तेवढ्यात गंगाबाई भारा उचलायला मध्ये आली. शेठजींनी भारा पायानं लोटला. "हट, बुढिया."
माझं डोकं. तेच, कॉलेजातलं.
हेडफोन काढून त्यांच्या कानावर दाबला. शेठजींना दाखवायला आणलेली गारगोटी थाळीखाली आपटली. "सुनो! है आवाज?" काळा दगड. पुन्हा गारगोटी. काय काय बोललो आठवत नाही. काकांकडे पाहिलं नाही एवढं आठवतं.
जीप गेली. दोघांची कामावरून सुट्टी.
काकांनी मशीन पुसून पेटीत भरली. डबा उपडा केला, ज्याचं त्याचं वेगळं केलं. पिन माझ्या हातावर ठेवली.

२६ फेब्रु. कामठी
उमरेडहून बस. नागपूरला उतरलो तर कामठीची गाडी समोरच. मी पेटी चढवली. काका चढले नाहीत, टोपी झटकत होते.
"घरी ने. सुनेले सांग, मी सांजेपर्यंत येतो."
"तुम्ही?"
"बेसाले."
"रिकाम्या हातानं?"
"मंग काय."
"काय सांगान नानाजींना?"
चालायला लागले होते. वळून न पाहता म्हणाले, "जे पाह्यलं ते."
कोणतं? गारगोटीचं, की शेठजींवर धावून गेलो ते?
काकांच्या ओसरीवर बसलो आहे. शेजारी हातमागाची खडखड. सून दोनदा विचारून गेली, जेवता का. म्हटलं, काका आले की. सांज टळून गेली. पेटी पायाशी, पिन खिशात.
नानाजींनी त्यांना दोनदा पाडलं आहे. त्यांनी एकदा.