पंधरा दिवस साठवलेला दम

चि. प्राध्यापक भाचीबाईंस मामाचे भरघोस आशीर्वाद, आणि सोबत एक तक्रारही.

तुझा खोकला गेला का? इकडे आम्ही ठीक. (तुझ्या मामीची तब्येत आणि माझा हट्टीपणा, दोन्ही खणखणीत आहेत.)

तुला ठाऊकच आहे, आमच्या लिफ्टच्या कंपनीत पन्नाशी उलटलेल्या मेकॅनिकला परीक्षा द्यावी लागते. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून सहा मजले न थांबता चढायचे. चढला तर कामावर, नाहीतर तक्रारींच्या फोनवर. एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाने फोनवर 'क्षमस्व' म्हणत बसायचं म्हणजे जिवंतपणीच फोटोला हार! म्हणून तुला विचारलं, की बाई, माणसात दम येतो कुठून? तू चार पानं धाडलीस. प्रत्येक पेशीत म्हणे बारीक बारीक भट्ट्या असतात, त्या साखर आणि प्राणवायू वापरून शक्ती तयार करतात, आणि तयार शक्तीचा साठा जेमतेम काही सेकंद पुरतो.

इथवर वाचून मी पत्र मिटलं. (उरलेली दोन पानं चष्मा सापडल्यावर वाचणार होतो.) साठा कमी पडतो ना, मग वाढवू या! वीज गेली तर लिफ्ट जवळच्या मजल्यावर पोचवायला एक बॅटरी असते. एरवी तिला कोणी हात लावत नाही, म्हणून ती वेळेला उपयोगी पडते. तोच न्याय मी स्वतःला लावला. पंधरा दिवस रजा टाकून आडवा झालो. बादली उचलली नाही, पंख्याचं बटणसुद्धा मामीकडून दाबून घेतलं. ती म्हणाली, "अहो, निदान कूस तरी स्वतः बदला." मी म्हटलं, शक्ती जमतेय, हलवू नकोस. चहात साखर तीन चमचे आणि खिडकी सताड उघडी. प्राणवायूची हयगय नको.

परीक्षेच्या दिवशी पहिला मजला झोकात गेला. दुसऱ्यावर पिशवी जड झाली. तिसऱ्यावर पोटऱ्यांनी संप पुकारला आणि मी पायरीवर फतकल मारली. कंपनीच्या डॉक्टरीणबाई पाणी घेऊन धावल्या. सगळं ऐकून त्यांनी हसू दाबलं (नीट दाबलं नाही) आणि म्हणाल्या, "काका, पेशी ही शक्ती साठवून ठेवत नाहीत, लागेल तशी बनवतात. काम दिलंत तर भट्ट्या वाढतात, लोळत पडलात तर कमी होतात." घरी येऊन तुझं तिसरं पान काढलं. तेच लिहिलेलं, खाली दोन रेघा मारून! अगं, असा मजकूर पहिल्या पानावर घालावा.

सहा आठवड्यांनी पुन्हा एक संधी आहे, शेवटची. रोज पिशवी घेऊन जिने चढतो. मामीही सोबत येते.

तुझा मामा

ता. क. खरं काम आता लिहितो. मी नापास झालो हे मामीला ठाऊक नाही. घरात पाऊल टाकलं आणि तोंडातून 'पास झालो' निघून गेलं. पास झालेला माणूस रोज पिशवी घेऊन जिने का चढतो, हे ती आज ना उद्या विचारणारच. तेव्हा कॉलेजच्या छापील कागदावर तिला एक पत्र टाक, की शास्त्राप्रमाणे पास झाल्यावरही सहा आठवडे चढावंच लागतं.

आणखी एक ता. क. (मामीकडून, हे चष्मा शोधायला गेलेत तेवढ्यात पाकीट चिकटवताना) डॉक्टरीणबाईंनी मला त्याच दिवशी फोन केला होता. यांना कळू देऊ नकोस. पत्र जरूर टाक, फक्त सहा आठवड्यांच्या जागी वर्षभर लिही, आणि नवराबायकोने मिळूनच चढावं असंही लिही. तीस वर्षांच्या संसारात हे माझ्या बरोबरीने, माझ्याशी बोलत, धापा टाकत का होईना, पहिल्यांदाच चालताहेत.