कडेची पट्टी

नेकनूर
९ एप्रिल २०२५

प्रिय परमेश्वर,

आशीर्वाद. तुझ्या आई, भामाबाई, आता दोन घास खातात का? मेंढरांना पाणी कुठं मिळतंय? इकडे कॉलेजच्या परीक्षा चालू आहेत. सकाळी वर्गावर देखरेख, दुपारी पेपर. हे पत्र तीनदा लिहून फाडलं.

राखीव माळाच्या आगीत तुझे वडील गेले, त्याला उद्या महिना होईल. माळ राखणाऱ्या समितीच्या पत्रकात त्यांना 'आत घुसलेला मेंढपाळ' म्हटलंय. आग त्यांच्याच विडीने लागली असावी, असंही. सिदूमामा विडी ओढत नव्हते. त्यांच्याजवळ कडुलिंबाचा ओला फाटा पडला होता, आग झोडपायला आणलेला. पंचनाम्याला मी हजर होते. फाटा पाहिला आणि गप्प बसले.

बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता, विडी नव्हती, आग रस्त्याकडूनच लागली, तर ती आत आलीच कशी?

तीन वर्षांपूर्वी समितीसाठी माळाची पाहणी मीच केली. रस्त्याच्या कडेने चाळीसेक पावलं रुंद पट्टी पार बोडकी होती. मी 'अतिचराई' असं नोंदवलं. सिदूमामा शेजारीच उभे होते. म्हणाले, "बाई, ती मुद्दाम चारलेली हाय. दिवाळी झाली की आमी पयल्यांदा कडंला मेंढरं घालतो. रोडवरनं कुणी काडी टाकली तरी आग आत जात न्हाई."

मी पुरावा मागितला. ते हसले. "माळ आजवर जळला न्हाई, ह्योच की."

मी ते डायरीत उतरवलं, अहवालात घेतलं नाही. ऐकीव माहिती घ्यायची नाही, हा माझा नियम. माझ्या अहवालावरून मेंढरं बंद झाली. तीन पावसाळ्यांत त्या पट्टीवर कमरेइतकं गवत वाढलं.

डायरीचं ते पान सोबत आहे. तारीख आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे आहेत. शुक्रवारी मी समितीला आणि पोलिसांना फाट्यासकट सगळं लेखी देणार आहे. पण माझ्यावर विसंबू नकोस, महिनाभर मी गप्प होते. म्हणून मूळ पान तुझ्याकडे.

भामाबाईंना ते पूर्ण वाचून दाखव. शेवटची ओळही. तिथं मी लिहिलंय, 'त्यांचं म्हणणं अहवालात घ्यायचा मोह आज आवरला, अहवाल निर्दोष झाला.'

तुझ्या वडिलांचे शब्द गाळणारी,
विजयमाला